सोलापूरच्या गावात पहिली फिल्म: एक घर, सहा माणसं, पाच दिवस

इथलं सगळं गणित पंधरा मिनिटांच्या कथेच्या फिल्मसाठी आहे. एक कुटुंब, एक घर, घरापासून चालत जाता येईल असं रान आणि बोलणारी तीन-चार माणसं, एवढ्यात ती बसली पाहिजे. पहिल्याच खेपेला नव्वद मिनिटांचा सिनेमा हातात घेऊ नये. पैसे एक वेळ पुरतील, पण गावाची हौस आठव्या दिवशी फिटते आणि मग साधा कंदीलही मागून मिळत नाही.

नवख्यांची फिल्म बहुधा एकाच ठिकाणी फसते. शूटिंगचं वेळापत्रक शहरात बसून तयार होतं आणि घरच्यांनी त्यात बसावं अशी अपेक्षा असते. म्हशीची धार पहाटे निघते. तुम्ही साडेआठला कॅमेरा लावून बसलात म्हणून ती साडेआठला निघत नाही. तेव्हा घराचा आणि रानाचा दिवस आधी कागदावर उतरवा आणि त्यातल्या मोकळ्या जागांत फिल्म बसवा.

घर आधी, पटकथा नंतर

गोष्ट दोन पानांची झाली की घर शोधायला निघा. पटकथा घर मिळाल्यावर त्या घराबरहुकूम लिहा. उलट केलं तर पटकथेतली ओसरी त्या घरात नसते आणि घरातला सुरेख गोठा पटकथेत नसतो.

माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आतून थंड आणि शांत असतं. मातीच्या जाड भिंती बाहेरचा आवाज अडवतात. उजेड मात्र दारातून आणि छतातल्या साण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून येईल तेवढाच. पत्र्याचं घर दुपारी तापलं की पत्रा कडकड वाजतो, संध्याकाळी निवताना पुन्हा वाजतो. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. पर्याय असेल तर पूर्वेला दार असलेलं माळवदाचं घर घ्या: सकाळी दीड-दोन तास आत तिरपा उजेड येतो आणि तो फुकटचा असतो.

घर नक्की करण्याआधी कॅमेरा न काढता एक पूर्ण दिवस तिथे बसा, पहाटेपासून रात्री नऊपर्यंत. दर अर्ध्या तासाला तीन गोष्टी लिहा: ऊन कुठे आहे, कोण काय करतंय, कुठला आवाज येतोय. वही साधारण अशी दिसते:

५.३० धार. कोंबडे. ६.४० दुधाची गाडी, हॉर्न. ७.०० नळाला पाणी, सगळ्या बाया बाहेर. ८.१५ भाकरी. ऊन उंबऱ्यापर्यंत. ९.३० घरात फक्त म्हातारी. ११.०० शेजारची गिरणी सुरू. १.०० गिरणी बंद. ४.३० गिरणी परत. ६.३० देवळातला स्पीकर.

या वहीतून लगेच कळतं की घरातले संवाद साडेनऊ ते अकरा आणि एक ते साडेचार या वेळातच घ्यायचे आहेत. गिरणीवाल्याला गिरणी बंद ठेवायला सांगण्याच्या फंदात पडू नका. अर्ध्या गावाचं पीठ अडतं.

राजकारणाचंही थोडं. ज्याच्या घरी उतरलात त्याच्या गटाचे झालात, असं गाव धरून चालतं. मुक्काम शाळेत किंवा देवळाच्या धर्मशाळेत ठेवावा. पहिला चहा सरपंचांकडे घेतलात तर दुसरा विरोधी पॅनेलच्या अण्णांकडे घ्या, तोही त्याच दिवशी.

महिना कोणता?

सोलापूर जिल्ह्यात रान दर पंधरा दिवसांनी रूप बदलतं आणि नवख्यांना हे एडिटिंगच्या टेबलावर समजतं. रब्बीची मालदांडी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. नोव्हेंबरात ती गुडघ्या-कमरेला असते, डिसेंबरात पोटरीतून फुलोऱ्यात जाते, डिसेंबरअखेर ते जानेवारीत हुरड्यावर येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. उपटून पेंढ्या पडल्या की त्याच बांधावरून दिसणारं दृश्य ओळखू येत नाही. मधे पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन उरलेला सीन उरकू असं ठरवलं तर बाप डोक्याइतक्या ज्वारीत शिरतो आणि उघड्या रानातून बाहेर पडतो. रानातले सगळे सीन सलग दोन दिवसांत काढा.

डिसेंबर-जानेवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, सहाच्या सुमाराला मावळतो, दुपारीही ऊन तिरपं राहतं आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडत नाहीत. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. फोर-के चित्रीकरण करताना छोटे मिररलेस कॅमेरे वीस-पंचवीस मिनिटांत तापून बंद पडू शकतात. मेमध्येच करायचं असेल तर अकरा ते चार पूर्ण सुट्टी द्या, कॅमेऱ्यावर सतत छत्री धरा, मागची स्क्रीन बाहेर ओढून ठेवा आणि दोन टेकच्या मधे कॅमेरा बंद करा.

तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत गाव रिकामं असतं. एकादशीला उपास करणारी बाई कॅमेऱ्यासाठीही भाकरी तोंडात घालणार नाही, पंढरपूरच्या पट्ट्यात तर नाहीच. आषाढी वारीच्या दिवसांत गावातली निम्मी कर्ती माणसं वाटेवर असतात. जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, त्या आठवड्यात सोलापुरात लॉज आणि भाड्याची गाडी मिळवणं अवघड. बार्शी-अक्कलकोटच्या बाजूला वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, सगळं कुटुंब रानात जेवायला जातं. गोष्टीत बसत असेल तर हा दिवस सोडू नका; मात्र त्या दिवशी कुणाकडून अभिनय करून घेता येणार नाही, जे घडेल ते टिपायचं.

ऊसतोडीला जाणारं कुटुंब दाखवायचं असेल तर दसऱ्याआधी भेटा. टोळी एकदा निघाली की थेट गाळप हंगाम संपल्यावरच परतते.

कागदपत्रं

ग्रामपंचायतीला अर्ज, पोलीस ठाण्याला तारखांचं पत्र, घरमालक आणि शेतमालकाचं संमतीपत्र ही किमान कागदं. संमतीपत्र मराठीत एका पानाचं करा, मोठ्याने वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा घ्या. सरकारी जागांसाठीचे परवाने महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून मागता येतात. रेल्वेचा फलाट, एसटी स्टँड, नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि भुईकोट किल्ला यांना वेगवेगळी परवानगी लागते. पहिल्या फिल्ममध्ये ही ठिकाणं टाळलेलीच बरी. ड्रोनही टाळा: गावावरून एकदा उडाला की पुढचे दोन दिवस सगळी पोरं कॅमेऱ्यापेक्षा आभाळाकडेच बघतात.

दोन गोष्टी मात्र नवखे हमखास विसरतात. पहिली, मुलं. १४ वर्षांखालील मूल फिल्ममध्ये काम करणार असेल तर २०१७ साली सुधारलेल्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. दुसरी, जनावरं. फिल्ममध्ये प्राण्याकडून काम करून घ्यायचं असेल, मग ती नांगराला जुंपलेली बैलजोडी का असेना, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो. शूटिंग उरकल्यावर हे आठवलं तर पुढे सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी फिल्म तिथेच अडते.

माणसं आणि त्यांचं बोलणं

सहा जणांचा चमू पुरतो: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, सातत्याच्या नोंदी, उजेड आणि पडेल ते काम, आणि सहावा माणूस त्याच गावातला. आसामच्या रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चं लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा आणि संकलन स्वतःच केलं, हे ऐकून एकट्याने निघणारे बरेच असतात. त्या आपल्याच गावात होत्या, हे ते विसरतात. परक्या गावात आवाजाचा माणूस वगळू नका. तो वगळलेल्या फिल्म पहिल्या मिनिटात ओळखू येतात.

गावातलीच माणसं घ्यायची ठरवलीत तर भावना सांगू नका, काम सांगा. ‘तुम्हाला मुलाची काळजी वाटतेय’ या सूचनेवर मावशी पदर तोंडाला लावतील, कारण टीव्हीवर तसंच पाहिलंय. ‘शेंगा निवडत बसा, फाटक वाजलं की एकदा बघा, परत निवडायला लागा’ या सूचनेवर नेमकी काळजी दिसते. पाठांतर करून घेऊ नका. मजकूर समजावून सांगा आणि वाक्य त्यांचं त्यांना बोलू द्या.

बोली कागदावर कानाने लिहिण्याचा मोह आवरा. सोलापूर शहरातलं ‘काय करलालास बे’ आणि करमाळा-माढ्याकडचं ‘काय करतुयास’ एकाच घरात आलं की इथला प्रेक्षक तिथेच तुटतो. घरात वडीलधाऱ्यांशी ‘बे’ तर कुणीच लावत नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कित्येक घरांत बोलताना अर्धं कानडी येतं, तिथे ते तसंच राहू द्या. सबटायटल कशासाठी आहेत?

ज्याचा रोजगार बुडतो त्याची हजेरी त्याच संध्याकाळी द्या, सगळ्यांना सारखी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळेल अशी. मानधनाचा हिशेब शेवटच्या दिवशी करणाऱ्यांना चौथ्या दिवशी आजोबा मिळत नाहीत.

पंधरा पानांची पटकथा, दिवसाला तीन पानं, बारा ते पंधरा शॉट. यापेक्षा जास्त धरलं तर ते फक्त कागदावर राहतं. सहा माणसं आणि कलाकार मिळून दिवसाला २० लिटरचे दोन जार पाणी लागतं, उन्हाळ्यात तीन. जेवण गावातल्याच एखाद्या घरी सांगा: ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एक भाजी. बाहेरून डबे मागवले की ते हमखास सीन रंगात आला असताना येतात.

उजेड

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, मग सेकंदाला फ्रेम २४ असोत की २५. १/६० किंवा १/१२५ ठेवलं की बल्बच्या उजेडात चित्र लपलपतं, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसतही नाही. स्वस्त एलईडी बल्ब शटर बरोबर असूनही लपलपतात, म्हणून स्वतःचे चार बल्ब घेऊन जा आणि आदल्या रात्री तपासा. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते. ती आली की विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्या लाइनीवरच्या वस्तीतल्या घरांचा व्होल्टेज खाली बसू शकतो. वायरमनला त्या आठवड्याची पाळी विचारून ठेवा.

दिवसा दिवे लागत नाहीत. दारासमोर बाहेर अंगणात थर्माकोलची पांढरी शीट तिरपी धरली की आतल्या चेहऱ्यावर उजेड उचलला जातो. ऊन कडक असेल तर दारावर मांजरपाट, म्हणजे कोरं सुती कापड ताणा. पांढरं धोतरही चालतं, पण निळीचं नको, चेहरे आजारी दिसतात. रात्रीच्या सीनला एकच पिवळा बल्ब ठेवा, कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स (रंगांचं मोजमाप) हाताने ३२०० केल्व्हिनवर बांधा आणि चेहऱ्याच्या बाजूची भिंत उजळू द्या. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स एका टेकमध्ये दोनदा रंग बदलतो.

आवाज

बूम माइक (लांब दांड्याला लावलेला) तोंडापासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर, फ्रेमच्या जेमतेम वर. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी लावा. बाप एकदा ओरडणार असेल तर ओरडण्याची तालीम घेऊन पातळी लावा, कुजबुजीची नव्हे. रानात माइकला केसाळ आवरण नसेल तर माळावरचा वारा सगळं खातो, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. कपड्यात लपवायचा माइक नायलॉनच्या साडीत खसखसतो. सुती इरकलीत तो मुकाट बसतो.

घुमणाऱ्या खोलीचा इलाज सोलापुरात प्रत्येक घरात आहे. चार जाड सोलापुरी चादरी घ्या, दोन कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर टांगा, एक जमिनीवर, एक छताखाली दोरीवर. हजारोंच्या साउंड ब्लँकेटचं काम होतं आणि रात्री त्याच पांघरता येतात.

प्रत्येक जागेचा रिकामा आवाज साठ सेकंद घ्या, सगळे जागच्या जागी गप्प. कामाचे आवाज वेगळे घ्या: रहाट, कडबा तोडण्याचा अडकित्ता, म्हशीच्या गळ्यातली साखळी, चुलीत फुटणारी बाभळीची काडी. उसाच्या ट्रॅक्टरवर लागलेलं गाणं संवादाखाली आलं तर तो टेक फेकून द्या. त्या गाण्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत आणि ते दोन कटांमधे तुटलेलं स्पष्ट ऐकू येतं.

भाकरीचा सीन

गावातल्या कुटुंबाच्या फिल्ममध्ये हा सीन येतोच आणि बहुतेक वेळा हाच बिघडतो. म्हणून सविस्तर.

पीठ ताजं दळून आणा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरते, आणि बाई अभिनय सोडून भाकरी सांभाळायला लागते. एका किलोत आठ-दहा भाकरी होतात. सीनमध्ये चार दिसणार असतील तरी तीन किलो पीठ ठेवा. सरपण वाळलेलं हवं. ओलं असलं तर दहाव्या मिनिटाला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते पडद्यावर रडणं वाटतं. धूर सुंदर दिसावा म्हणून उजेड कॅमेऱ्याच्या समोरून, म्हणजे धुरामागून यायला हवा. कॅमेऱ्याच्या पाठीकडून आला तर धूर नुसती राखाडी घाण दिसतो.

क्रम असा. पहिल्यांदा लांबून पूर्ण क्रिया एका दमात: उंडा, थापणं, तव्यावर टाकणं, पाण्याचा हात, उलटणं, चुलीच्या तोंडाशी टेकवून फुगवणं. एका भाकरीला दोन-तीन मिनिटं लागतात. कापू नका, चार भाकऱ्या होऊ द्या. याच टेकमध्ये संवाद होऊ दे. बाई बोलताना हात कुठे थांबतो, तो सेकंद टिपून ठेवा. पुढचा प्रत्येक शॉट त्या थांबण्याशी जुळवायचा आहे. मग फक्त चेहरा. मग फक्त हात, संवादाशिवाय. शेवटी कॅमेरा बंद करून थापण्याचा आवाज दोन मिनिटं वेगळा.

सातत्य इथेच सुटतं. दुरडीत किती भाकऱ्या, परातीत किती पीठ, चुलीत लाकूड किती आत सरकलं, मनगटावर पिठाचा डाग कुठे. प्रत्येक कटनंतर मोबाइलवर फोटो. गोठ्यातही हेच: कडब्याची गंज पाच दिवसांत जनावरं खाऊन खाली आणतात. पहिल्या आणि पाचव्या दिवशीचे शॉट शेजारी आले की कथेतली एक रात्र महिन्याची वाटते. गंजीचे शॉट एकाच दिवशी उरका.

आणि झालेल्या भाकऱ्या टाकू नका. त्या जेवणात घ्या. चुलीपाशी बसलेली मावशी हे बघत असते.

घरी परतल्यावर

सेकंदाला १०० मेगाबिटच्या चित्रीकरणाला तासाला ४५ जीबी लागतात. पाच दिवसांचे साडेसात तास धरले तर सुमारे ३४० जीबी. एक टीबीच्या दोन डिस्क न्या, रोज रात्री दोन्हींवर उतरवा, प्रत्येक क्लिप उघडून बघा, मगच कार्ड पुसा. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत प्रवास करणार नाहीत याची काळजी घ्या.

पहिला कट झाला की दोन आठवडे फिल्म उघडू नका. सबटायटल एका ओळीत ४२ अक्षरांपर्यंत, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि ‘साणं’, ‘विरी’ अशा शब्दांपाशी अर्थ थोडक्यात द्या, तळटीप नको. फिल्म यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नका. बऱ्याच महोत्सवांना न दाखवलेली फिल्म हवी असते. दोन वर्षांतून एकदा होणारा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आणि केरळचा लघुपट-माहितीपट महोत्सव हे पहिले दोन अर्ज.

गावात दाखवण्यासाठी ३००० ल्युमेन्सचा प्रोजेक्टर, दहा बाय सहा फुटांचा मांजरपाटाचा पडदा आणि पडद्याच्या दोन बाजूंना दोन स्पीकर पुरतात. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने सुरू करा. पडद्याच्या खालच्या कडेला विटा बांधा, वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो. घरचा छोटा इन्व्हर्टर प्रोजेक्टरला तासभर पुरतो का हे आदल्या दिवशी चालवून बघा, कारण फिल्म दोनदा लावायची आहे. पहिल्या खेपेला लोक पडद्यावर एकमेकांना ओळखण्यात गुंगतात आणि संवाद कुणालाच ऐकू येत नाही. दिवे लावू नका, फिल्म लगेच दुसऱ्यांदा लावा.